चित्रांचे थर : पारदर्शकता व मिश्रणरीती
(ट्रॉम्बेच्या नकाशावरून एक पाठ)

प्राथमिक शाळांच्या वरच्या इयत्तांत संगणकाचे शिक्षण देताना बहुधा असे घडते की, मुलांना रंगाचा डबा, कुंचला व खोडरबर ही तीन साधने दाखविली म्हणजे चित्रविषय संपला असे आपण मानतो. मूल रेघ काढते, चुकली की पुसते आणि पुन्हा काढते. पुसण्याची ही सवय संगणकाने फारच सुलभ करून ठेवली आहे. परंतु चित्रसंस्काराच्या सॉफ्टवेअरमध्ये याहून मोलाची एक सोय आहे व ती म्हणजे थर. खालचे काही न पुसता त्यावर दुसरे ठेवता येणे, आणि वरचे किती दाट व किती विरळ असावे हे आपल्या इच्छेने ठरविता येणे, हे थराचे मर्म होय. झाकणे आणि पुसणे या दोहोंतील भेद मुलांच्या मनावर ठसावा, याच हेतूने पुढील पाठाची आखणी केली आहे.

पाठासाठी ट्रॉम्बेचा, म्हणजे जुन्या तुर्भे बेटाचा, नकाशा निवडला आहे. एके काळी चोहो बाजूंनी पाणी असलेली ही भूमी भरावांमुळे साष्टीला जोडली गेली. तेव्हा एकाच जागेचे दोन काळ एकावर एक ठेवून पाहण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. इतर गावच्या शिक्षकांनी आपल्या गावचा नकाशा घ्यावा. पाठाची रीत तीच राहील.

१. पाठाचे उद्देश

(अ) थर, पारदर्शकता व मिश्रणरीती या कल्पना मुलांना प्रयोगाने समजाव्यात. (आ) अपूर्णांकांचा गुणाकार व शेकडेवारी यांचा चित्राशी असलेला संबंध त्यांच्या ध्यानात यावा. (इ) आपल्या परिसरात कोणता बदल झाला हे त्यांना स्वतः शोधता यावे. (ई) जुळविलेले चित्र आणि घेतलेले छायाचित्र यांत फरक असतो व तो सांगणे हे कर्तव्य आहे, याची त्यांना जाणीव व्हावी.

२. साहित्य

एक संगणक व त्यावर 'गिम्प' हे विनामूल्य सॉफ्टवेअर, लाल, हिरवा, पिवळा व निळा असे रंगीत जिलेटिन कागद, दोन विजेऱ्या, पांढरा कागद अथवा भिंत, परिसराचा एक जुना व एक नवा नकाशा. संगणक एकच असल्यास मुलांचे पाच-सहा जणांचे गट पाडावेत. एका गटाने यंत्रावर काम करावे व इतरांनी तेच काम तेलकट कागदावर नकाशा उतरवून करावे. या पाठात तेलकट कागद ही संगणकाची गौण प्रतिकृती नसून थराचे मूळ रूपच आहे, हे शिक्षकांनी विसरू नये.

३. पूर्वज्ञानाची जागृती

आरंभी दोन लहान प्रयोग करावेत. पहिल्यात पिवळा व फिकट निळा असे दोन जिलेटिन कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडाकडे पाहण्यास सांगावे. मुले चटकन म्हणतील, "हिरवे दिसते!" मग विचारावे, "एका कागदातून पाहताना उजेड अधिक होता की दोहोंतून पाहताना?" दोन कागदांतून उजेड कमी येतो, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. दुसऱ्या प्रयोगात खोलीत अंधार करून एका विजेरीच्या तोंडावर लाल व दुसरीच्या तोंडावर हिरवा कागद बांधावा आणि दोन्हींचा प्रकाश भिंतीवर एकाच ठिकाणी पाडावा. तेथे पिवळसर रंग दिसतो, आणि ती जागा शेजारच्या जागेहून अधिक उजळ असते.

पहिल्या प्रयोगात रंग एकत्र आले व उजेड घटला. दुसऱ्यात रंग एकत्र आले व उजेड वाढला. मिश्रणरीतींचे दोन मोठे गट या दोन प्रयोगांत सामावलेले आहेत. हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ संपेपर्यंत तसेच ठेवावे.

४. या कल्पनेची आपल्याकडील परंपरा

थराची कल्पना संगणकाने जन्मास घातली, असा मुलांचा समज होऊ देऊ नये. ट्रॉम्बेपासून फार दूर नसलेल्या घाटकोपर येथे १८९४ साली राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना सुरू झाला. त्यासाठी यंत्रे व जाणकार कारागीर जर्मनीहून आणविले होते. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. 'शकुंतलेचा जन्म' हे तेथून निघालेल्या आरंभीच्या चित्रांपैकी एक होय. घरोघरी भिंतीवर लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची ती चित्रे एका छापणीत निघत नसत. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करीत, आणि एकच कागद त्या सर्व दगडांवरून एकामागून एक नेत. वरची शाई काहीशी पारदर्शक असल्यामुळे खालचा रंग तिच्यातून दिसे व दोहोंतून तिसरा रंग उपजे. एखादा दगड केसभर सरकला तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जाई. चित्राचे थर अचूक जुळविण्याचा हाच प्रश्न आपल्यापुढे नकाशाच्या वेळी येणार आहे.

दुसरे उदाहरण कल्याणचे. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने चित्रदीपाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखविण्यात येत. शिळाछापात शाई उजेड शोषून घेते, तर चित्रदीपात उजेड पडद्यावर येऊन पडतो. मुलांनी केलेले दोन प्रयोग या दोन कलांत अशा रीतीने पूर्वीच अवतरले होते.

संगणकाच्या जगात अपारदर्शकतेचा आकडा प्रत्येक बिंदूबरोबर साठवून चित्रे जोडण्याचे पद्धतशीर गणित थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ साली मांडले. १९९४ साली 'ॲडोबी फोटोशॉप'च्या तिसऱ्या आवृत्तीत थरांची सोय आली. 'गिम्प' हे १९९६ साली लोकांपुढे आले.

५. विषयप्रतिपादन

थर. सॉफ्टवेअरमध्ये 'लेयर' नावाच्या चौकटीत थरांची यादी दिसते. यादीत वर असलेला थर चित्रातही वर असतो. ज्या ठिकाणी थरावर काहीच नाही, तेथे करड्या चौकड्यांची जाळी दिसते. ती जाळी म्हणजे रंग नव्हे. 'येथे काही नाही' एवढेच तिचे सांगणे असते. पांढरा रंग आणि रिकामी जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलांचा गोंधळ बहुतेक येथेच होतो.

अपारदर्शकता. थराची दाटी 'ओपॅसिटी' या पट्टीने ठरते. शंभर म्हणजे पूर्ण दाट व शून्य म्हणजे अदृश्य. संगणक प्रत्येक रंगघटकाचा उजेड ० पासून २५५ पर्यंतच्या आकड्याने मोजतो. वरच्या थरावरील बिंदूचा आकडा २०० आहे, खालच्याचा १०० आहे व वरच्या थराची दाटी शेकडा ४० आहे असे धरू. तर २०० चे शेकडा ४० म्हणजे ८०, आणि १०० चे उरलेले शेकडा ६० म्हणजे ६०, बेरीज १४०. हीच 'नॉर्मल' रीत होय. यावरून एक मनोरंजक प्रश्न विचारावा : "शेकडा ५० दाटीचे दोन थर ठेवले तर खालचे चित्र पूर्ण झाकेल काय?" पुष्कळ मुले "होय" म्हणतील. परंतु पहिल्या थरातून निम्मे दिसते व दुसऱ्यातून त्याचे निम्मे, म्हणजे खालचे चित्र एक चतुर्थांश दिसतच राहते. तिसरा थर ठेवला तर एक अष्टमांश उरते.

मल्टिप्लाय, म्हणजे गुणाकार. हा जिलेटिन कागदांचा प्रयोग होय. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्यास २५५ ने भागतात. १२८ व १२८ यांपासून सुमारे ६४ येतात. उत्तर दोहोंपैकी कोणत्याही आकड्याहून मोठे येत नाही. म्हणजे चित्र गडद होते अथवा तसेच राहते. पांढऱ्याने गुणले असता काही बदलत नाही व काळ्याने गुणले असता काळेच मिळते. म्हणून पांढऱ्या कागदावरील काळ्या रेघांचे चित्र या रीतीने वर ठेवले की कागद जणू नाहीसा होतो व रेघा तेवढ्या उरतात. नकाशाच्या कामी ही रीत फार उपयोगी आहे.

स्क्रीन. ही विजेऱ्यांच्या प्रयोगाची रीत. दोन्ही आकडे २५५ मधून वजा करावेत, त्या बाकींचा गुणाकार करून २५५ ने भागावे व उत्तर पुन्हा २५५ मधून वजा करावे. १२८ व १२८ यांपासून सुमारे १९२ येतात. या रीतीने चित्र उजळच होते. भिंतीवरील प्रकाशाची खरी बेरीज 'ॲडिशन' या रीतीशी अधिक जुळते. परंतु तीत आकडा २५५ च्या पुढे जाऊ पाहतो व तेथील बारकावे पांढऱ्यात बुडतात. स्क्रीन रीतीत तसे होत नाही.

ओव्हरले. खालचे चित्र जेथे गडद आहे तेथे गुणाकाराची रीत व जेथे उजळ आहे तेथे स्क्रीनची रीत लावणे, असा हा संयोग आहे. फिकट पडलेल्या जुन्या छायाचित्रास यामुळे उठाव येतो. मात्र अतिरेक झाल्यास माणसांचे चेहरे रापलेले दिसू लागतात.

डिफरन्स, म्हणजे फरक. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करावयाचा. दोन्ही थर जेथे सारखे तेथे शून्य, म्हणजे काळे. जेथे वेगळे तेथे उजेड. दोन चित्रांतील बदल शोधण्यास ही रीत उत्तम.

मुखवटा, म्हणजे मास्क. थराचा एखादा भाग नको असल्यास तो खोडरबराने पुसू नये. थरास मास्क जोडून त्यावर काळा रंग लावावा. तेवढा भाग झाकला जातो. पांढरा रंग लावला की तो पुन्हा प्रकट होतो. या पाठाचा मुख्य संस्कार येथे प्रत्यक्ष हाताने घडतो.

शिक्षकांसाठी एक सूचना. गिम्पच्या अलीकडील आवृत्त्या काही रीतींचे गणित प्रकाशाच्या निराळ्या मापाने करतात. त्यामुळे पडद्यावर मोजलेले आकडे वरील उत्तरांशी तंतोतंत जुळत नाहीत. आकडे पडताळून पाहावयाचे असल्यास मोडच्या यादीशेजारील कळीने 'लेगसी' गट निवडावा.

६. उपयोजन : ट्रॉम्बेचा दुहेरी नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत पाणी निळे, वनस्पती हिरवी, वस्ती तांबडी आणि उंचीच्या रेषा तपकिरी असतात. नकाशा मुलांपुढे धरून प्रत्येक रंग हा एकेक थर आहे असे दाखवावे. नंतर पुढील क्रमाने काम करावे.

(१) उपग्रहावरून घेतलेली आजची प्रतिमा तळाशी ठेवावी. ती भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या 'भुवन' या संकेतस्थळावर पाहता येते. (२) जुना नकाशा त्यावरच्या थरात आणावा. कागद पिवळा पडला असल्यास 'लेव्हल्स'च्या साहाय्याने तो पांढरा करावा. नाही तर गुणाकारात सारे चित्र पिवळट होईल. (३) जुन्या नकाशाची दाटी शेकडा ५० करून तो सरकवीत, फिरवीत व लहानमोठा करीत जुळवावा. (४) जुळणी झाल्यावर दाटी पुन्हा शंभर करून रीत 'मल्टिप्लाय' करावी. (५) सर्वांत वर नवा रिकामा थर घेऊन त्यावर जुन्या किनाऱ्याची रेषा लाल रंगाने काढावी.

जुळवताना आधार कशाचा घ्यावा, हा प्रश्न वर्गास विचारावा. मुले बहुधा किनाऱ्याची रेषा सुचवितील. परंतु किनाराच बदलला की नाही हे आपणांस तपासावयाचे आहे. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्यालाच साक्षीदार करून कसे चालेल? म्हणून टेकडीचे शिखर, जुने प्रार्थनास्थळ, जुन्या रस्त्यांचा चौक अशी न हललेली तीन तरी ठिकाणे घ्यावीत, व ती एका ओळीत नसावीत.

जुळणीनंतर जे दिसते त्याचा अर्थ लावताना घाई करू नये. जुन्या नकाशात पाणी व आजच्या प्रतिमेत चिखल दिसला, म्हणजे तेथे भराव पडला असे ठरत नाही. प्रतिमा ओहोटीच्या वेळी घेतलेली असू शकेल. उधाणाला पाणी कोठवर चढते व भांगाला कोठवर राहते, हे ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातील मुलांस घरूनच ठाऊक असते. अशा प्रसंगी शिक्षकांनी त्यांस पुढे बोलवावे व त्यांचे म्हणणे फळ्यावर लिहावे. वर्गात एरवी मागे बसणारे मूल त्या दिवशी वर्गाचे मार्गदर्शक होते, हाही या पाठाचा लाभच होय.

यानंतर प्रत्येक कालखंडास एक असे थर वाढवीत जावे. १९५४ साली येथे अणुशक्तीचे केंद्र स्थापन झाले. १९५६ साली 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. १९६७ साली केंद्रास डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. त्याच १९५०-६० च्या दशकात तेलशुद्धीकरणाचे कारखाने व वीजकेंद्र उभे राहिले व पुढे खतांचा कारखाना आला. १९७६ साली जनता कॉलनी ही मोठी वसाहत उठवून तेथील कुटुंबांस चीता कॅम्प येथे नेण्यात आले. देशाच्या विज्ञानाचा अभिमान आणि उठलेल्या वस्तीची आठवण, दोन्ही एकाच भूमीवरचे थर आहेत. एकाची दाटी शंभर करून दुसरा अदृश्य ठेवला, तर नकाशा सुबक दिसेल. परंतु अपुरा राहील. आजोबांचे घर ज्या जागी होते ती जागा नकाशात शोधू पाहणाऱ्या मुलास तो थर उघडून दाखविता आला पाहिजे.

अणुकेंद्राचा परिसर प्रतिबंधित असल्यामुळे या पाठासाठी मुलांनी तेथील छायाचित्रे घेऊ नयेत. प्रसिद्ध झालेले नकाशे व प्रतिमा यांवरच काम करावे.

७. जुळविलेल्या चित्राचे सत्य

ज्या साधनाने दोन काळ शेजारी आणता येतात, त्याच साधनाने न घडलेली घटना घडल्यासारखी दाखविता येते. एका सभेतील गर्दी दुसऱ्या सभेत आणणे, एखाद्या माणसास तो कधी गेलाच नाही अशा ठिकाणी उभे करणे, हे सारे थर व मास्क यांचेच काम. अशी चित्रे आज घरोघरी हातातील फोनवर येतात आणि वडीलधारी माणसेही त्यांवर विश्वास ठेवतात. ज्या मुलाने स्वतः थर जुळविले आहेत, ते मूल अशा चित्राकडे निराळ्या नजरेने पाहू लागते. सावल्या एकाच दिशेस आहेत काय? कडा कापल्यासारख्या दिसतात काय? उजेड सर्वांवर सारखा आहे काय? हे प्रश्न त्यास सुचू लागतात.

म्हणून वर्गाचा एक नियम ठरवावा. प्रत्येक जुळविलेल्या चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात : कोणते थर घेतले, ते कोणत्या सालचे, मिश्रणाची रीत कोणती व दाटी किती. ज्या चित्राखाली ही माहिती नाही ते फलकावर लावू नये.

८. नेहमीच्या अडचणी

वरच्या थरात बदल करूनही चित्र बदलत नसेल, तर यादीत भलताच थर निवडलेला असतो. चित्र सर्वस्वी काळे झाले असेल, तर डिफरन्स रीतीत एकाच चित्राच्या दोन प्रती एकमेकींवर आलेल्या असतात. कामाची प्रत 'एक्ससीएफ' या प्रकारात राखावी; तीत सर्व थर जसेच्या तसे राहतात. इतरांस दाखविण्यासाठी 'पीएनजी' प्रत काढावी. तीत थर एक होतात, पण पारदर्शकता टिकते. 'जेपेग' प्रतीत पारदर्शकताही राहत नाही. पहिली प्रत न राखता केवळ शेवटची ठेवणे, म्हणजे उत्तर ठेवून रीत फाडून टाकणे होय.

९. स्वाध्याय

(१) वरच्या थरावरील बिंदूचा आकडा १५०, खालच्याचा ५० व दाटी शेकडा ६० असल्यास नॉर्मल रीतीने उत्तर काय येईल?
(२) गुणाकाराच्या रीतीत पांढरा थर वर ठेवल्यास चित्र का बदलत नाही? स्क्रीन रीतीत कोणता रंग असाच निरुपद्रवी ठरेल?
(३) शाळेच्या पटांगणाचे एकाच जागी उभे राहून सकाळी व दुपारी छायाचित्र घ्या. डिफरन्स रीतीने सावल्या कोठून कोठे गेल्या ते दाखवा.
(४) घरातील वडील मंडळींस विचारून आपल्या वस्तीतील आज नसलेली एक विहीर, झाड, घर अथवा वाट नकाशाच्या नव्या थरावर काढा. माहिती कोणी सांगितली व ती केव्हाची, हे थराच्या नावात लिहा.

पहिल्याचे उत्तर ११० आहे. चौथ्याचे उत्तर प्रत्येक घरी निराळे येईल. ते सर्व थर एकत्र करून शाळेच्या संग्रही ठेवावेत व पुढील वर्षीच्या वर्गाने त्यांवर आपला थर चढवावा. आधीचा कोणताही थर मात्र काढून टाकू नये.